कॅमकॉर्डरच्या छोट्या डिस्कवरचं शूटिंग कॉम्प्युटरवर घेऊन एडिट कसं करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, नांदेड, परभणी, बीड, जालना, संभाजीनगर, धाराशिव, हिंगोली, सगळीकडून थोड्याफार फरकाने हेच प्रश्न येतात. कपाटात छोट्या डिस्क सापडतात, त्यात कुणाचं बारसं असतं, कुणाची येळवस (वेळ अमावस्या), कुणाच्या आजोबांचा आवाज. मग डिस्क कॉम्प्युटरला लागत नाही, लागली तर फाइल उघडत नाही, उघडली तर आवाज नसतो. घाई असेल तर निदान प्रश्न ३ आणि ७ वाचा. कायमचं नुकसान होतं ते बहुतेक त्या दोन ठिकाणी.

१. आमच्याकडे तळहाताएवढ्या छोट्या सीडी आहेत. या सीडी आहेत की डीव्हीडी?

डीव्हीडी. आठ सेंटिमीटर व्यासाच्या. हिताचीने २००० साली अशी डिस्क घेणारा पहिला कॅमकॉर्डर आणला, पुढे सोनी, पॅनासॉनिक, कॅनन यांचेही आले. मग हार्ड डिस्क आणि मेमरी कार्डाच्या कॅमेऱ्यांनी ते मागे टाकले. डिस्कच्या एका बाजूला १.४ जीबी मावतं. म्हणजे सर्वोत्तम दर्जात साधारण २० मिनिटं, मधल्या दर्जात ३० आणि कमी दर्जात ६० मिनिटं. काही डिस्कच्या दोन्ही बाजू चमकतात. त्यांच्यावर दोन्हीकडे शूटिंग असू शकतं, म्हणून उलटी करूनही लावून बघा.

डिस्कवर काय छापलंय ते आधी वाचा: डीव्हीडी-आर, डीव्हीडी-आरडब्ल्यू, डीव्हीडी+आरडब्ल्यू की डीव्हीडी-रॅम. पुढची बरीच उत्तरं त्यावर ठरतात. फोटोग्राफरने लग्नाचं मिक्सिंग करून दिलेली मोठी डिस्क असेल, तर ती आधीच तयार केलेली डीव्हीडी असते. तिच्यासाठी प्रश्न ६ पासून पुढचं वाचा.

२. माझ्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हच नाही. बाहेरचा घेतला तर छोटी डिस्क चालेल का?

चालेल. यूएसबीला लागणारा, ट्रे बाहेर येणारा साधा ड्राइव्ह घ्या. लॅपटॉपसाठीच्या पातळ ड्राइव्हमध्ये डिस्क मधल्या गोलाला टक असा आवाज होईपर्यंत दाबून बसवायची असते. डेस्कटॉपच्या ट्रेमध्ये आतला एक खोलगट गोल असतो, तो या डिस्कसाठीच. मात्र ड्राइव्ह आडवाच हवा. उभ्या ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये ट्रे उभा असेल तर छोटी डिस्क घसरते.

फटीतून डिस्क आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये (जुन्या मॅकमध्ये आणि गाड्यांच्या प्लेअरमध्ये असतो तसा) ही डिस्क कधीच घालू नका. ती आत अडकते आणि काढायला ड्राइव्ह खोलावा लागतो.

३. डिस्क लावली तर कॉम्प्युटर म्हणतो रिकामी आहे, फॉरमॅट करा. आमचं शूटिंग गेलं का?

नाही, बहुतेक वेळा गेलेलं नसतं. पण फॉरमॅटला होकार देऊ नका. खिडकी बंद करा आणि डिस्क बाहेर काढा.

कारण असं. कॅमेरा शूटिंग डिस्कवर लिहीत जातो, पण कोणता प्रसंग कुठून कुठपर्यंत आहे याची पक्की नोंद तो शेवटी, फायनलाइज करताना लिहितो. ते झालं नसेल तर चित्र जागेवर असतं, पण त्याच्याकडे जायचा रस्ता कॉम्प्युटरला सापडत नाही. तो कॅमेरा मात्र स्वतःची अपुरी डिस्कही वाचतो. म्हणून पहिली चाचणी हीच: डिस्क कॅमेऱ्यात घाला. तिथे शूटिंग दिसलं तर मेनूमधून फायनलाइज करा आणि मग कॉम्प्युटरला लावा.

डीव्हीडी-आर एकदा फायनलाइज झाली की तिच्यावर पुढे काही भरता येत नाही. आरडब्ल्यू डिस्क बऱ्याच कॅमेऱ्यांत पुन्हा मोकळी करता येते. डीव्हीडी+आरडब्ल्यू आणि व्हीआर (शूटिंग भरायची एक वेगळी पद्धत) पद्धतीने भरलेल्या डिस्कना बऱ्याचदा फायनलाइज करावं लागत नाही. व्हीआरच्या डिस्कसाठी प्रश्न १५ पाहा.

४. कॅमेरा केव्हाच भंगारात गेला. आता फायनलाइज कसं करायचं?

त्याच कंपनीचा, जमल्यास त्याच मॉडेलचा कॅमेरा कुणाकडे आहे का ते आधी विचारा. गावातल्या जुन्या फोटो स्टुडिओत, पाहुण्यारावळ्यांत, जुन्या वस्तूंच्या बाजारात असे कॅमेरे अजून मिळतात. दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यात घालून प्रयोग करू नका.

कॅमेरा मिळाला पण फायनलाइज होतच नाही, असंही होतं. मग कॅमेऱ्यावर शूटिंग चालवून त्याच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल वायरी यूएसबी कॅप्चरच्या डबीला जोडा आणि कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करा. ३० मिनिटांच्या डिस्कला ३० मिनिटं लागतात आणि चित्र मुळाहून थोडं मऊ येतं, पण येतं.

कॅमेरा मिळालाच नाही तर विंडोजवरचं आयसोबस्टर वापरा. ते नोंदीच्या भरवशावर न राहता डिस्कवरचे तुकडे स्वतः शोधतं. ते पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर आहे, पण काय सापडलं ते आधी दाखवतं. यादीत व्हिडिओ दिसला तरच खर्च करा.

५. फायनलाइज चालू असताना लाईट गेली तर?

अर्धवट फायनलाइज झालेली डिस्क कॅमेराही नाकारू शकतो, म्हणून ही भीती खरी आहे. बरेच कॅमेरे नुसत्या बॅटरीवर फायनलाइज करूच देत नाहीत, अॅडाप्टर मागतात. तुम्ही दोन्ही ठेवा: अॅडाप्टर जोडलेला आणि भरलेली बॅटरीही बसवलेली. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या प्लगवर लावा. लोडशेडिंगचं वेळापत्रक माहीत असेल तर ती वेळ टाळा. कॅमेरा टेबलावर ठेवा आणि काम संपेपर्यंत हलवू नका. थोडंसंच शूटिंग असलेल्या डिस्कला कधी कधी जास्त वेळ लागतो, कारण कॅमेरा उरलेली जागाही भरून काढतो. अडकलं असं समजून बंद करू नका.

६. डिस्क उघडली तर नुसत्या विचित्र नावांच्या फाइली आहेत. व्हिडिओ कोणता?

‘व्हिडिओ टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये जा. आयएफओ आणि बीयूपी या नोंदीच्या फाइली आहेत (बीयूपी म्हणजे आयएफओचीच जादा प्रत). चित्र आणि आवाज व्हीओबी फाइलींत असतो. ‘व्हीटीएस ०१’ ने सुरू होणाऱ्या व्हीओबींपैकी ज्याच्या शेवटी शून्य आहे तो मेनू, तो सोडा. शेवटी १, २, ३ असलेल्या फाइली म्हणजे तुमचं शूटिंग. कॅमेऱ्याने वेगवेगळ्या वेळचं शूटिंग ‘व्हीटीएस ०२’, ‘व्हीटीएस ०३’ अशा गटांतही ठेवलेलं असू शकतं, तेही घ्या.

व्हीओबीच्या आत एमपेग-२ चित्र आणि बहुधा डॉल्बी डिजिटल आवाज असतो. व्हीएलसी प्लेअरमध्ये ती सरळ चालते. एडिटिंगला घेण्याआधी तिथे एकदा चालवून बघा, म्हणजे बिघाड फाइलीत आहे की सॉफ्टवेअरमध्ये ते लगेच कळतं.

७. डिस्कवरूनच फाइल एडिटिंगमध्ये ओढली तर काय बिघडतं?

बरंच. डिस्क वाचण्याचा वेग कमी असतो, म्हणून एडिटिंग अडखळतं. डिस्क काढली की प्रोजेक्टमधले सगळे क्लिप हरवतात. आणि जुनी डिस्क पुन्हा पुन्हा फिरवली की एखाद्या दिवशी ती वाचलीच जात नाही.

माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं: आधी पूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत घ्या, मग त्या प्रतीवर काम करा. विंडोजवर इमेजबर्नसारख्या मोफत सॉफ्टवेअरने डिस्कची आयएसओ प्रत होते. अख्खी डिस्क, मेनू आणि नोंदींसकट, एकाच फाइलीत येते. विंडोज १० आणि ११ मध्ये या फाइलीवर दोनदा क्लिक केलं की ती डिस्क लावल्यासारखी उघडते. जागेची चिंता करू नका. एकाच बाजूच्या चाळीस छोट्या डिस्क म्हणजे साधारण ५६ जीबी.

या प्रतीचं रूपांतर करू नका, तिला कापू नका, तिचं ‘साइज कमी’ करू नका. ती एका हार्ड डिस्कवर ठेवा आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा बहिणीकडे. एमपेग-२ पुन्हा पुन्हा एमपी४ करत गेलात की दर फेरीला थोडं चित्र कमी होतं, आणि गेलेलं परत आणता येत नाही. दाबून लहान करायचं ते एकदाच, शेवटी, एक्सपोर्ट करताना (एडिट झालेल्याची तयार फाइल काढताना).

फोल्डरचं नाव तारखेने सुरू करा: ‘२००६-१२ येळवस, काकांचं शेत’ असं. फाइलीवरच्या तारखेवर विसंबू नका. ती फायनलाइज केल्याची किंवा कॉपी केल्याची असू शकते, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ मागे पडलेलं असेल तर तीही चुकीची. शक्य असेल तर घरातल्या थोरांना शेजारी बसवून हे नाव द्या. कोपीत आंबील वाढणाऱ्या त्या बाई कोण, हे आज सांगणारं माणूस आहे तोवर लिहून ठेवा.

८. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? पैसे घालायची तयारी नाही.

शॉटकट किंवा केडेनलाइव्ह. दोन्ही मोफत आहेत, विंडोजवर चालतात आणि व्हीओबी सरळ उघडतात. नव्याने शिकणाऱ्याला मी शॉटकट सांगेन. विंडोज मूव्ही मेकर शोधू नका. मायक्रोसॉफ्टने त्याचा पाठिंबा जानेवारी २०१७ मध्ये बंद केला, आणि आता त्या नावाने मिळणारं बरंच काही भलतंच असतं. मॅकवरचं आयमूव्ही व्हीओबी घेत नाही. तिथेही शॉटकट चालतं.

नुसते नको ते तुकडे कापायचे असतील तर अॅव्हिडेमक्स पुरेसं आहे. चित्र आणि आवाज ‘कॉपी’वर ठेवले तर ते दर्जा न घालवता कापतं.

९. दोन व्हीओबी जोडल्या तर सांध्यावर झटका बसतो, मंगलाष्टकात एक शब्द गळतो.

डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे व्हीओबी १ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. म्हणून शूटिंग कुठेही, वाक्याच्या मध्यावरही, तुटून पुढच्या फाइलीत जातं. हे तुकडे एडिटिंगमध्ये सुटे आणले की सांध्यावरचा थोडा आवाज हरवतो. उपाय: आणण्याआधीच जोडा. अॅव्हिडेमक्समध्ये पहिली फाइल उघडली की पुढची जोडू का असं ते विचारतं, होकार द्या. किंवा मेकएमकेव्ही नावाच्या सॉफ्टवेअरला अख्खी डिस्क अथवा तिची आयएसओ प्रत द्या. ते प्रत्येक गटाची एक सलग एमकेव्ही फाइल, चित्र न दाबता, बनवून देतं. सोपा मार्ग हाच.

फक्त एकाच गटातले तुकडे जोडा, ०१ चे ०१ ला. ०१ आणि ०२ हे वेगळे प्रसंग असतात, ते एडिटिंगच्या टाइमलाइनवरच (क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीवर) एकापुढे एक ठेवा.

१०. अर्ध्या तासाची फाइल, पण सॉफ्टवेअर दोनच मिनिटांची दाखवतं.

कॅमेऱ्याने रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू केलं की आतलं वेळेचं मोजमाप काही वेळा पुन्हा शून्यावरून चालू होतं. सॉफ्टवेअर शेवटचा आकडा बघून लांबी ठरवतं आणि फसतं. मेकएमकेव्ही डिस्कच्या नोंदी वाचून हे सरळ करतं, म्हणून इथेही प्रश्न ९ मधलाच उपाय. नुसत्या व्हीओबी कॉपी करून आणल्या आणि आयएफओ मागे राहिल्या, की हा त्रास जास्त होतो.

११. चित्र दिसतं, आवाज नाही.

डॉल्बी डिजिटल आवाज त्या सॉफ्टवेअरला कळत नाही, एवढंच. शॉटकट, केडेनलाइव्हला कळतो. दुसरंच काही वापरायचं असेल तर अॅव्हिडेमक्समध्ये चित्र ‘कॉपी’वर ठेवून फक्त आवाज एएसीमध्ये बदला.

एक वेगळी अडचण: काही कॅमेऱ्यांत ५.१, म्हणजे सहा चॅनलच्या आवाजाचा माइक होता. बोलणं बरंचसं मधल्या चॅनलवर असतं, आणि सॉफ्टवेअरने फक्त डावा-उजवा उचलला तर गर्दीचा गलका ऐकू येतो आणि समोरचा माणूस पुटपुटतो. आवाज स्टिरिओत बदलताना सगळे चॅनल मिसळणारा पर्याय निवडा, नुसते पहिले दोन घेणारा नको.

१२. सगळे बारीक आणि उंच दिसतात.

शूटिंग रुंद, म्हणजे १६:९ चं आहे आणि सॉफ्टवेअर ते ४:३ समजतंय. डीव्हीडीवर दोन्हींचं चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचंच असतं, रुंदी फक्त एका खुणेने कळते. क्लिपच्या गुणधर्मांत प्रमाण १६:९ करा. बुटके आणि जाड दिसत असतील तर उलट, ४:३ करा. चित्र ओढून ताणू नका.

१३. काही हललं की कडेला आडव्या रेघा दिसतात. डिस्क खराब आहे का?

डिस्क चांगली आहे. जुन्या टीव्हीसाठी कॅमेरा सेकंदाला ५० अर्धी चित्रं टिपत असे, एकदा विषम ओळी, एकदा सम. आजच्या स्क्रीनवर दोन अर्धी एकत्र दिसतात, म्हणून लेझीम खेळणाऱ्यांच्या हाताला दाते फुटल्यासारखे दिसतात.

हे डीइंटरलेस करून, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं बनवून जातं, आणि ते एकदाच, एक्सपोर्टमध्ये करायचं. प्रोजेक्ट सेकंदाला ५० चित्रांचा ठेवलात तर हालचाल मूळ टीव्हीवर दिसायची तशी गुळगुळीत राहते. २५ चा ठेवलात तर निम्मी हालचाल जाते. नाच, जत्रा, कुस्ती असेल तर ५० च ठेवा. पद्धत यादिफ किंवा बीडब्ल्यूडिफ निवडा. त्यानंतरही चित्र थरथरलं तर ओळींचा क्रम उलटा धरला गेलाय. डीव्हीडीत बहुधा वरची ओळ आधी असते, डीव्ही टेपमध्ये खालची. क्लिपच्या गुणधर्मांत तो बदला.

१४. अमेरिकेहून आलेल्या काकांनी त्यांच्या कॅमेऱ्याने काढलेलं आमच्या शूटिंगमध्ये मिसळायचं आहे. ते थोडं अडखळतं.

त्यांचा कॅमेरा एनटीएससी आहे: ७२० बाय ४८०, सेकंदाला २९.९७ चित्रं. आपला पाल: ७२० बाय ५७६, २५ चित्रं. दुबई-मस्कतहून आलेले कॅमेरे बहुधा पालच असतात. ज्या प्रकारचं शूटिंग जास्त, त्याचा प्रोजेक्ट करा आणि दुसरं तसंच आत टाका. आधी वेगळं रूपांतर करू नका. थोडी अडखळ राहतेच. ती खुपत असेल तर काकांचा भाग शेवटी सलग ठेवा, दर दोन मिनिटांनी मिसळू नका.

१५. डिस्कवर ‘व्हिडिओ टीएस’ नाहीच, ‘डीव्हीडी आरटीएव्ही’ असं काहीतरी आहे.

ही व्हीआर पद्धत. डीव्हीडी-रॅमवर हीच असते, डीव्हीडी-आरडब्ल्यूवर कॅमेऱ्यात निवडली असेल तर. सगळं शूटिंग एकाच व्हीआरओ फाइलीत असतं. ती कॉम्प्युटरवर कॉपी करा आणि त्या कॉपीच्या नावातलं शेवटचं व्हीआरओ बदलून एमपीजी करा. बहुतेक सॉफ्टवेअर मग ती घेतात. कॅमेऱ्यात ‘डिलीट’ केलेले किंवा क्रम बदललेले प्रसंग इथे वेगळ्या जागी दिसू शकतात, कारण ती मांडणी दुसऱ्या नोंदीच्या फाइलीत असते.

रॅम डिस्कसाठी ड्राइव्हवर रॅमची खूण आहे का ते बघा, सगळे ड्राइव्ह ती वाचत नाहीत. डिस्क प्लास्टिकच्या कव्हरात असेल तर काळजीपूर्वक बाहेर काढा आणि फक्त कडांना धरा.

१६. कॅमेऱ्यावर एचडी लिहिलंय. डिस्क तशीच छोटी, पण डीव्हीडी प्लेअरवर चालत नाही.

चालणारही नाही, आणि लावूही नका. साध्या प्लेअरमधून ती बाहेर येणं मुश्किल होऊ शकतं. हे एव्हीसीएचडी आहे. सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ मध्ये आणलेली ही पद्धत आहे. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये लावा, ‘बीडीएमव्ही’ फोल्डरमधल्या ‘स्ट्रीम’मध्ये जा. तिथल्या एमटीएस किंवा एमटूटीएस फाइली शॉटकट सरळ घेतं. फायनलाइजचा नियम (प्रश्न ३) इथेही लागू.

१७. मोबाइलवरच एडिट करता येईल का?

मोबाइलची बहुतेक अॅप व्हीओबी घेत नाहीत. कॉम्प्युटरवर हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने एमपी४ करा, त्यात डीइंटरलेस चालू ठेवा, मग मोबाइलवर टाका. पण ही कामचलाऊ प्रत. मूळ आयएसओ प्रश्न ७ प्रमाणे असायलाच हवी. तयार झालेलं नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवलं की ते दाबलं जातं.

१८. डिस्कवर ओरखडे आहेत, कॉपी मध्येच अडकते.

मऊ, किंचित ओल्या सुती कपड्याने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावा. एक ड्राइव्ह नाकारतो ती डिस्क दुसरा वाचतो, हे नेहमी दिसतं. वाचण्याचा वेग कमी ठेवता आला तर ठेवा. अजून अडकत असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा: ते चांगला भाग आधी उचलतं आणि खराब जागांवर नंतर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. काही सेकंद गेले तरी बाकी सगळं हाती लागतं.

ओरखडे नसून डिस्कचा रंग फिका, डागाळलेला दिसत असेल तर घाई करा. लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आरमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, तो ऊन आणि उष्णतेने खराब होतो. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतलं कपाट तापतं तिथे या डिस्क ठेवू नका. डबीत, उभ्या, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका, फिरताना तोल जातो.

आतल्या भोकापासून तडा गेलेली डिस्क ड्राइव्हमध्ये लावू नका. वेगात फिरताना ती फुटते आणि ड्राइव्हही जातो.

१९. आरडब्ल्यू डिस्क चुकून कॅमेऱ्यातच फॉरमॅट झाली. साखरपुड्याचं शूटिंग होतं.

त्यानंतर काहीही भरलेलं नसेल तर आशा आहे. कॅमेऱ्यातला फॉरमॅट बऱ्याचदा फक्त नोंदी पुसतो. डीव्हीडी+आरडब्ल्यू, रॅम आणि व्हीआर पद्धतीच्या डिस्कवर आयसोबस्टरला जुने तुकडे सापडण्याची शक्यता जास्त. व्हिडिओ पद्धतीने भरलेल्या डीव्हीडी-आरडब्ल्यूवर कमी, कारण ड्राइव्ह ती कोरी समजून पुढे वाचायलाच तयार होत नाही. वर नवीन शूटिंग झालं असेल तर तेवढ्या जागेवरचं जुनं कायमचं गेलं, पण त्याच्या पुढचा भाग उरलेला असू शकतो. डिस्क लगेच बाजूला काढा, तिच्यावर खूण करा आणि कॅमेऱ्यात परत घालू नका.